गाड्या, ट्रॅक्टर, जेसीबी, जनरेटर: डिझेलचा खर्च कसा कमी करायचा, आम्ही जे करून पाहिलं ते

आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-सावदा पट्ट्यात ज्याच्याकडे दोन-चार गाड्या आहेत त्याच्या तोंडी एकच वाक्य ऐकू येतं, "गाडी गंज डिझेल खास भाऊ", म्हणजे गाडी फार डिझेल खाते. पण किती खाते असं विचारलं की उत्तर येतं "चारचा ॲव्हरेज देते", म्हणजे लिटरला चार किलोमीटर, आणि तो चारचा आकडा बहुतेक वेळा गाडी घेताना कोणीतरी सांगितलेला असतो, नंतर कोणी मोजलेलाच नसतो. माझ्याकडे केळीच्या तीन दहा-टायर गाड्या आहेत, दोन पिकअप, दोन ट्रॅक्टर, एक जेसीबी आणि पॅक हाऊसवर एक जनरेटर. कित्येक वर्षं मीही पंपाचं बिल महिन्याच्या शेवटी एकदम द्यायचो आणि भाव वाढला म्हणून खर्च वाढला असंच समजायचो. भाव तर आपल्या हातात नाही, २०१७ च्या जूनपासून तो रोज सकाळी बदलू शकतो, आणि डिझेल जीएसटीत नसल्यामुळे त्यावरच्या कराचं क्रेडिटही मिळत नाही. आपल्या हातात फक्त लिटर आहेत. म्हणून हे सगळं लिटर कमी करण्याबद्दल आहे.

आधी वही

काहीही बदलायच्या आधी एक महिना नुसतं मोजा. प्रत्येक गाडीची वेगळी शंभर पानी वही, ती ड्रायव्हरच्या केबिनमध्ये राहणार आणि दर फेरीनंतर मी फोटो काढून ठेवणार, एवढंच. रकाने हे: तारीख, मीटरचा आकडा, किती लिटर, कुठला पंप, गाडीत किती टन माल, ड्रायव्हर कोण, आणि शेवटचा रकाना मी "उभी" असा ठेवलाय म्हणजे इंजिन सुरू ठेवून गाडी किती वेळ उभी होती, अंदाजाने लिहिलं तरी चालतं.

मोजायची पद्धत टाकी फुल ते टाकी फुल हीच, दुसरी कुठलीच नाही. नोझल आपोआप कट झालं की थांबायचं, वरून अजून थोडं थोडं करत गळ्यापर्यंत भरायचं नाही, आणि जमेल तेव्हा त्याच पंपावर आणि सपाट जागेवर उभी करून भरायची कारण गाडी एका बाजूला कललेली असेल तर मोठ्या टाकीत पाच-सात लिटरचा फरक सहज पडतो आणि मग हिशोबच चुकतो. पाचशेचं टाक, हजारचं टाक असं तुकड्या-तुकड्याने भरत राहिलात तर ॲव्हरेज कधीच कळणार नाही. एका फेरीवरून निष्कर्षही काढू नका, चार-पाच फेऱ्यांची बेरीज करा. एसटीवाले तर एक लिटरवर नाही, दहा लिटरला किती किलोमीटर असा हिशोब ठेवतात, त्याला ते केपीटीएल म्हणतात, आणि त्यामुळे चार आणि चार पॉइंट तीनमधला फरक चाळीस आणि त्रेचाळीस असा ठळक दिसतो. मी वहीत तसंच लिहितो.

हा तीनचा फरक किती मोठा ते बघा. गाडी महिन्याला ८००० किलोमीटर चालली तर चारच्या ॲव्हरेजने २००० लिटर लागतं, चार पॉइंट तीनने १८६० लिटर. १४० लिटर एका गाडीचे एका महिन्याचे, लिटरला ९० रुपये धरले तरी १२,६०० रुपये झाले.

ट्रॅक्टर आणि जेसीबीला किलोमीटर कामाचे नाहीत. जेसीबीला तासाला किती लिटर हे अवर मीटरवरून बघायचं आणि ट्रॅक्टरला एकराला किती लिटर. जनरेटरला लिटरमागे किती युनिट.

डिझेल बागेतच जळत होतं

महिनाभराच्या वह्या समोर ठेवल्यावर मला वाटलं होतं की खराबी इंजिनात किंवा ड्रायव्हरच्या पायात निघेल. निघाली ती "उभी" या रकान्यात. केळीची गाडी सकाळी सातला बागेच्या बांधावर लावायची, मजूर यायला नऊ, कटाई सुरू व्हायला दहा, घड बांधापर्यंत आणायला वेळ, भरून वजन होईपर्यंत दुपारचे तीन-चार. एवढ्या वेळात दर थोड्या वेळाने गाडी दहा फूट पुढे, पाच फूट मागे, आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या पुढे गेलेला असतो तेव्हा ड्रायव्हर केबिनचा एसी लावून बसतो, त्यात त्याची काहीच चूक नाही, तो रात्रभर गाडी चालवणार आहे, त्याला झोप पाहिजेच.

मी मोजून बघितलं. पंपाच्या शेजारीच गाडी लावली, टाकी फुल केली, एसी लावून तीन तास इंजिन नुसतं सुरू ठेवलं आणि परत फुल केली तर पाच लिटर बसलं. एकही किलोमीटर न जाता. तुमच्या गाडीला आकडा वेगळा येईल, इंजिन किती मोठं त्यावर आहे, पण एकदा मोजाच, कारण आकडा डोळ्याने बघितल्याशिवाय कोणालाच पटत नाही, मलाही पटलं नव्हतं.

आणि खरं नुकसान यापुढे आहे. गाडी उशिरा भरली की दिल्लीच्या मंडीत सकाळी पोचायचं म्हणून ड्रायव्हर रस्त्यावर पळवतो. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ६० वरून ८० वर गेलात तर हवा ढकलायला जवळजवळ पावणेदोन पट जोर लागतो, आणि केळीच्या गाडीचं तोंड तर भिंतीसारखं सरळ असतं. रावेर ते दिल्ली हजार किलोमीटरच्या पुढे. सरासरी ६५ ने गेलं तर साडेपंधरा तासांच्या आसपास आणि ५५ ने गेलं तर अठरा तासांच्या थोडं वर. फरक तीन तासांचा पण नाही. ते तीन तास बागेत वाचवले तर ड्रायव्हरला पळवायची गरजच राहत नाही. ड्रायव्हरला "हळू चालव, हळू चालव" म्हणून फोन करून काही होत नाही, मी दोन वर्षं तेच करून बघितलं.

मग आम्ही काय बदललं तर गाडी सातला पाठवायची बंद केली. शेतकरी काकांना सकाळी फोन, "काका, मजूर आले का, कटाई किती झाली?", आणि अर्धी कटाई होऊन घड बांधावर लागले असं कळलं की मगच गाडी निघते. आतल्या बागेतून बांधापर्यंत घड ट्रॉलीने आणायचे, कारण मजूर डोक्यावर लांबून आणत बसले की ट्रक थांबतो आणि ट्रॅक्टर तर तसाही तिथेच असतो. दुसरं, पॅक हाऊसच्या शेजारी पत्र्याची एक खोली होती, तिथे चार खाटा आणि मोठा कूलर लावला, पिण्याच्या पाण्याची सोय केली. गाडी भरायला लागली की ड्रायव्हर तिथे झोपतो, क्लीनर गाडीपाशी थांबतो. कूलरचं महिन्याचं लाइटबिल एका गाडीच्या दोन दिवसाच्या उभ्या डिझेलपेक्षा जास्त आलं नाही. हे फार महत्त्वाचं आहे, ड्रायव्हरला एसी बंद कर म्हणून सांगायचं आणि झोपायला जागा द्यायची नाही हे बरोबर नाही, उन्हाळ्यात तर जिवावर बेतेल.

बीएस-६ गाड्यांना अजून एक गोष्ट, उगाच उभ्या सुरू राहिल्या की सायलेन्सरमधल्या फिल्टरमध्ये काजळी जास्त साठते आणि ती जाळायला इंजिन पुन्हा जादा डिझेल घेतं. म्हणजे उभं राहण्याचा मार दोनदा बसतो.

घाटातलं न्यूट्रल

हे वेगळं लिहितोय कारण यात जीव जातात. इंदूरकडे जाताना शिरपूरच्या पुढे बिजासन घाट, सुरतकडे कोंडाईबारी, उतार लागला की गाडी न्यूट्रल करायची आणि डिझेल वाचतं असं जुने लोक सांगायचे. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांनाही ते धोक्याचंच होतं आणि आताच्या कॉमन रेल इंजिनला तर उलटं आहे: गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की कॉम्प्युटर डिझेल पूर्ण बंद करतो, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रल केली की इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला डिझेल द्यावंच लागतं. म्हणजे गिअरमध्ये उतरताना शून्य आणि न्यूट्रलमध्ये चालू खर्च, वर ब्रेक तापून धरायचे बंद होतात ते वेगळंच. ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, हा नियम प्रत्येक ड्रायव्हरला घरी बोलवून, चहा देऊन, समोर बसवून सांगा.

सपाट रस्त्यावर बाकी काय, वरचा गिअर लवकर घ्या, आरपीएम मीटरच्या हिरव्या पट्ट्यात ठेवा, पुढचा टोलनाका दिसला की तेव्हाच पाय काढा. आणि ताडपत्री ताणून बांधा, फडफडणारी ताडपत्री म्हणजे मागे बांधलेलं ओझंच आहे.

हवा, गळती, गरम ड्रम

टायरला टॉमी म्हणजे लोखंडी दांडा मारून आवाजावरून हवा सांगणारे उस्ताद आमच्याकडेही आहेत पण वीस पाउंड कमी असलेला टायर आवाजात कळत नाही. स्वतःचा गेज घ्या. हवा पहाटे टायर थंड असताना बघायची, कारण मेच्या दुपारी डांबरावरून आलेल्या टायरमध्ये दहा-पंधरा पाउंड जास्तच दिसणार. आणि ते बघून हवा सोडायची नाही, ही चूक खानदेशात सगळ्यात जास्त होते, गरम टायरची हवा सोडली की रात्री तोच टायर कमी हवेवर चालतो, डिझेल जास्त, कडा झिजतात आणि फुटायचीही भीती. जोडीच्या चाकात आतल्या टायरकडे कोणी बघत नाही, व्हॉल्व्हला एक्स्टेन्शन लावून घ्या म्हणजे हात पोचतो.

गाडी वीस-तीस किलोमीटर चालवून आणा आणि प्रत्येक चाकाच्या ड्रमजवळ हात न टेकवता धरा. एखाद्याच चाकाची धग जास्त लागली तर त्याचा ब्रेक अडकतोय, म्हणजे गाडी पूर्ण रस्ता ब्रेक लावून चालतेय. आमच्या एका गाडीचा ॲव्हरेज महिनाभर तीन पॉइंट सहावर अडकलेला होता, इंजिनाचा डिझेल पंप खोलायचं ठरत होतं, नाना म्हणजे आमचे सगळ्यात जुने ड्रायव्हर म्हणाले आधी चाकं बघू, आणि मागचं डावं चाक एवढं तापलेलं होतं की ड्रमपासून वीतभर अंतरावर हात ठेवता येईना. ब्रेक ॲडजस्ट केला, दुसऱ्या फेरीला तीन पॉइंट नऊ.

गळती तर थेट पैसेच. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला चार लिटरच्या आसपास जातं. रात्री गाडीखाली कोरा पुठ्ठा टाकून ठेवा, सकाळी डाग कुठे पडला ते बघा. एअर फिल्टर आपल्याकडच्या धुळीत लवकर बसतो, आतून बाहेर हवा मारायची, जमिनीवर आपटून साफ करायचा नाही कारण कागदाला चीर पडली की धूळ थेट सिलिंडरमध्ये. काळा धूर दिसला तर तो न जळलेल्या डिझेलचा असतो, फिल्टर, इंजेक्टरचं नोझल, टर्बोचा पाइप या क्रमाने बघा.

ट्रॅक्टर, जेसीबी, जनरेटर

ट्रॅक्टरचं चाक किती घसरतं ते मोजायला काही लागत नाही, चुना पुरतो. मागच्या टायरवर चुन्याची खूण करा, अवजार वर उचलून दहा फेरे चाकाचे होऊ द्या आणि जमिनीवरचं अंतर मोजा. मग अवजार लावून त्याच शेतात परत दहा फेरे. समजा आधी ४० मीटर आलं आणि लोडवर ३५, तर साडेबारा टक्के घसरण, ती ठीक आहे, १० ते १५ टक्के चालते. ३० मीटर आलं म्हणजे पाव डिझेल नुसतं माती उकरण्यात गेलं, मग वजन वाढवा किंवा चाकात पाणी भरा किंवा खोली कमी करा. घसरण अगदीच नसेल तर वजन जास्त झालंय, तेही ओढायला डिझेल लागतं. हलक्या कामाला, फवारणी वगैरे, ट्रॅक्टरला ५४० इकॉनॉमी पीटीओ (अवजार फिरवणारा मागचा शाफ्ट) असेल तर तो वापरा, तोच वेग कमी आरपीएमवर मिळतो. आणि रोटाव्हेटरची पाती झिजलेली असतील तर ती वेळेवर बदला, पात्यांचे पैसे वाचवायला गेलं की एकरामागे डिझेल जास्त जातं.

जेसीबीचं सोपं आहे, टिपर येईपर्यंत बंद. टिपर असा लावायला सांगा की बकेट कमीत कमी फिरावी. बकेटचे दात बोथट झाले की मशीन जोर लावतं. भाड्याने देताना तासाचा भाव डिझेलसह आहे की डिझेल समोरच्याचं, हे आधीच लिहून घ्या, नाहीतर उभ्या मशीनचं डिझेल आपल्याच माथी.

जनरेटर चांगल्या लोडवर लिटरला तीन-साडेतीन युनिट देतो, म्हणजे नुसत्या डिझेलचाच युनिटमागे पंचवीस-तीस रुपये खर्च. लोड सत्तर-ऐंशी टक्के असेल तेव्हा तो सगळ्यात बरा चालतो. रात्री चार ट्यूबलाइट आणि एक पंखा यासाठी मोठा जनरेटर चालवला तर डिझेलही वाया आणि सायलेन्सरमधून काळं तेल यायला लागतं. आम्ही ऑफिस आणि वॉचमनच्या लाइटला इन्व्हर्टर लावला, जनरेटर फक्त कूलिंगसाठी.

पंप, भाव आणि स्वस्त डिझेल

सकाळी लवकर भरलं की डिझेल जास्त मिळतं असं सगळे सांगतात. पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथलं तापमान दिवसभरात फारसं बदलत नाही, त्यामुळे त्याने काही फरक पडत नाही. उन्हाळ्यात एवढं मात्र खरं की जमिनीखालचं गार डिझेल गळ्यापर्यंत भरून गाडी उन्हात लावली तर ते फुगतं, दर १० अंशाला शंभर लिटरमागे पाऊण लिटरच्या वर, आणि झाकणातून सांडतं. म्हणूनही वरती म्हटलं, नोझल कट झालं की थांबा.

माप कमी वाटलं तर भांडू नका, पंपावर वैधमापनशास्त्र विभागाचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप असतं, ते मागायचा ग्राहकाला हक्क आहे. डेन्सिटीही तपासून मागता येते.

आणि हायवेच्या कडेला बायोडिझेल म्हणून जे स्वस्त विकतात ते घेऊ नका. मी घेतलं होतं, लिटरला बरेच रुपये कमी म्हणून तीन बॅरल, आणि दोन महिन्यांत एका गाडीचे सगळे इंजेक्टर आणि हाय प्रेशर पंप गेला, त्या एका बिलात वर्षभराची बचत गेली आणि बारा दिवस गाडी उभी राहिली, ऐन सीझनमध्ये, ते दिवस अजून आठवतात. डिझेल वाचवणाऱ्या गोळ्या, लोहचुंबक यांच्यावरही एक रुपया घालू नका.

सुरतकडे फेरी असेल तर नवापूरला दोन्ही राज्यांचे पंप जवळजवळ आहेत, त्या दिवसाचा भाव मोबाइलवर बघा आणि जिथे स्वस्त तिथे भरा, राज्याचा कर वेगळा असल्यामुळे भाव वेगळे असतात. पण पन्नास पैशांसाठी दहा किलोमीटर वाकडी वाट करू नका. फ्लीट कार्ड घ्याच, इंडियन ऑइलचं एक्स्ट्रापॉवर, भारत पेट्रोलियमचं स्मार्टफ्लीट, हिंदुस्तान पेट्रोलियमचं ड्राइव्हट्रॅक प्लस, कुठलंही चालेल. गाडीप्रमाणे मर्यादा ठरवता येते, कधी कुठे किती भरलं ते मेसेजवर येतं, आणि ड्रायव्हरजवळ रोख कमी ठेवावी लागते म्हणजे त्याच्याही जिवाला घोर नाही.

ड्रायव्हरचा वाटा

डिझेल चोरीबद्दल मालक लोक खूप बोलतात. होते, खोटं नाही, वही आणि कार्डाचा मेसेज जुळवला की ती दिसतेच. पण सेन्सर आणि जीपीएस लावून फक्त पहारा ठेवला तर ड्रायव्हर निघून जातो, आणि घाट ओळखणारा, गाडीचा आवाज ओळखणारा ड्रायव्हर आज मिळणं किती अवघड आहे ते गाडीवाल्यांना सांगायला नको. आम्ही असं केलं की प्रत्येक रूटचा वेगळा आकडा ठरवला, तोही ड्रायव्हर लोकांना सोबत बसवून, त्यांच्याच वह्यांतून. दिल्ली भरलेली जाताना वेगळा, रिकामी किंवा हलकं भाडं घेऊन परत येताना वेगळा, पावसाळ्यात वेगळा. त्या आकड्यापेक्षा जे लिटर वाचतील त्यातला अर्धा पैसा ड्रायव्हरचा. कमी आला तर दंड नाही, आधी गाडी तपासायची, कारण नानांच्या त्या चाकासारखं काही निघायची शक्यता जास्त.

पहिल्या महिन्यात एकालाच पैसे मिळाले, तिसऱ्या महिन्यात तिघांनाही. आता हवा कमी आहे, फिल्टर बसलाय, बागेत गाडी लवकर बोलावली, हे मला तेच फोन करून सांगतात. वाटा पगारात मिसळायचा नाही, वेगळा द्यायचा, आणि त्याच महिन्यात. आम्ही महिन्याच्या पहिल्या रविवारी पॅक हाऊसवर वह्या उघडतो, प्रत्येकजण आपली बेरीज स्वतः करतो, मी फक्त ताडून बघतो आणि पैसे तिथेच हातात देतो.

व्यापाऱ्याशी भाडं ठरवताना मात्र या वह्यांचा अजून एक उपयोग झाला. डिझेल इतक्या रुपयांनी वाढलं तर भाडं इतकं वाढेल आणि उतरलं तर तेवढंच उतरेल असं आम्ही कागदावर लिहून घेतो, आणि ते "इतकं" किती हे आता मला माझ्या वहीतून काढता येतं.